दहावीच्या सवलतीपासून पहिलीच्या वहीपर्यंत

1896 च्या नोव्हेंबरात प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. पोरगा हुशार, खेळातही कुणाच्या मागे नाही. पण स्वतःचं नाव लिहितानासुद्धा त्याची अक्षरं मागेपुढे व्हायची. सगळं शिक्षण तोंडी असतं तर तो शाळेत सर्वांत चमकला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं.

महाराष्ट्र सरकारने डिस्लेक्सियामुळे वाचन-लेखनात अडखळणाऱ्या अशा मुलांची दखल घेतली ती बरोबर शंभर वर्षांनी. तोवर मुंबईत काय नि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात काय, ‘ढ’ ठरलेली किती मुलं मागच्या बाकावरून शाळेबाहेर पडली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. 1996 मध्ये दहावीसाठी सवलती आल्या: जादा वेळ, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षीची. तपासणी मात्र शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यांत. वरणगावच्या पालकांना ती साडेचारशे किलोमीटरवर.

शिवाय सुरुवात झाली ती शेवटाकडून. खुणा दिसतात सहाव्या-सातव्या वर्षी, आणि मदत मिळायची सोळाव्या.

मूल बाराखडी घडाघडा म्हणतं, पण सुटं अक्षर दाखवलं की थबकतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत करतं. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढायची की नंतर, हे त्याला उमगत नाही. गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगतं; तीच वाचायला दिली की पहिल्या अक्षरावरून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतं. पहिलीत अशा चुका सगळ्यांच्याच होतात. नीट शिकवूनही त्या तिसरीपर्यंत टिकल्या, तर शंका घ्यावी.

वरणगावात आणखी एक भान हवं. इथल्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. घरी ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ ऐकणारं मूल वहीतही तेच लिहिणार. तो आजीच्या बोलण्याचा ठसा, दोष नव्हे. 1964 साली इथे आयुध निर्माणी आली. तिच्या वसाहतीत वाढलेल्या परप्रांतीय मुलांची मराठीही अशीच समजून घ्यायला हवी.

2007 च्या ‘तारे जमीन पर’ने हा विषय घराघरांत नेला. 2015 मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीतही चाचण्या आणल्या. 2016 च्या कायद्याने डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात स्थान दिलं. तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनेच पहिली चाचपणी करावी, असं 2018 च्या केंद्रीय सूचनांनी सांगितलं. त्या चाचपणीत बाईंना सर्वांत जास्त उपयोग होईल तो पहिली-दुसरीच्या जपून ठेवलेल्या वह्यांचा.