लोवेल : मेरिमॅककांठची गिरणनगरी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स ह्या संस्थानांत, बॉस्टनपासून वायव्येस सुमारें २५ मैलांवर, मेरिमॅक नदीच्या कांठीं लोवेल हें शहर वसलें आहे. २०२० सालच्या खानेसुमारींत त्याची वस्ती १,१५,५५४ भरली. न्यूयॉर्क-शिकागोपुढें हें गांव किरकोळच म्हणावयाचें. शाळेच्या भूगोलांतही त्यास एका ओळीपेक्षां अधिक जागा क्वचितच मिळते. तथापि यंत्रयुग अमेरिकेंत कोणत्या वाटेनें शिरलें आणि त्या प्रवासाचें भाडें कोणीं भरलें, हें जाणूं इच्छिणाऱ्यास लोवेलइतकें बोधप्रद स्थळ मिळणें कठीण.

शहराला ज्याचें नांव मिळालें तो फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा एक व्यापारी. प्रकृति सुधारावी म्हणून १८१० सालीं तो इंग्लंडला गेला आणि दोन वर्षें तेथें राहिला. त्या काळीं कापडाच्या यंत्रांची अगर त्यांच्या नकाशांची निर्गत करण्यास इंग्लंडांत कायद्यानें बंदी होती. कुशल कारागिरांसही देश सोडण्याची मोकळीक नव्हती. लोवेलनें लँकेशायरमधील गिरण्या पाहिल्या, यंत्रमागाची रचना मनांत सांठविली, आणि मायदेशीं परतल्यावर पॉल मूडी नांवाच्या हुशार यंत्रज्ञाच्या साहाय्यानें तसा माग बनविला. १८१४ सालीं वॉल्थॅम येथें त्यानें व त्याच्या भागीदारांनीं गिरणी चालू केली. कापूस आंत जावा आणि तयार कापड बाहेर पडावें, सर्व क्रिया एकाच छपराखालीं व्हाव्या, ही तिची विशेषता. इंग्रजांच्या दृष्टीनें ही उघड चोरी, अमेरिकनांच्या दृष्टीनें स्मरणशक्तीचा पराक्रम. आणि दोन्ही मतांत तथ्य आहे. १८१७ सालीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, लोवेल निवर्तला. आपल्या नांवाचें शहर त्यानें कधींच पाहिलें नाहीं.

वॉल्थॅमची चार्ल्स नदी लहान. धंदा वाढूं लागला तशी तिची शक्ति अपुरी पडूं लागली. भागीदारांपैकीं नेथन ॲपल्टन व पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन ह्यांची नजर मेरिमॅकच्या पॉटकेट धबधब्यावर गेली. तेथें नदी थोड्याच अंतरांत सुमारें ३२ फूट खालीं उतरते. धबधबा टाळून नावा नेण्यासाठीं १७९६ मध्यें खोदलेला एक कालवाही तेथें आयताच होता. कंपनीनें गाजावाजा न करतां कालवा आणि भोंवतालचीं शेतें विकत घेतलीं. १८२२ सालीं ह्यू कमिस्की हा आयरिश मुकादम ३० मजूर घेऊन बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनहून पायीं तेथें आला आणि खोदकाम सुरू झालें. पुढील वर्षीं पहिलें कापड निघालें. १८२६ मध्यें लोवेल हा स्वतंत्र गांव ठरला, तेव्हां वस्ती अडीच हजारांच्या आसपास होती. १८५० सालीं ती ३३,००० च्या वर गेली. ज्यांनीं कालवे खोदले ते आयरिश मजूर मात्र कंपनीच्या आखीव विटांच्या घरांत नव्हे, तर गांवाबाहेर स्वतः उभारलेल्या खोपटांत राहत.

कालव्यांचें हें जाळें पुढें साडेपांच मैलांहून अधिक लांब झालें. पाणी गिरणीच्या तळघरांतील चाकावर पडे, आणि चाकाची गति चामड्याच्या पट्ट्यांवाटे मजल्यामजल्यावरील यंत्रांस पोंचे. ह्या सर्व व्यवस्थेचा सूत्रधार जेम्स फ्रान्सिस हा इंग्लंडांत जन्मलेला इंजिनियर. त्यानें सुधारलेलें जलचक्र आज फ्रान्सिस टर्बाइन ह्या नांवानें जगभरच्या वीजघरांत फिरत आहे. १८५० सालीं त्यानें जुन्या कालव्यावर एक प्रचंड लांकडी दरवाजा टांगून ठेवविला. महापूर आल्यासच तो पाडावयाचा होता. असा पूर येणार कधीं, असें म्हणून लोकांनीं त्यास ‘फ्रान्सिसचा मूर्खपणा’ हें नांव दिलें. १८५२ मध्येंच पूर आला, दरवाजा पाडला गेला, आणि शहर वांचलें. १९३६ च्या पुरांतही त्याच दरवाजानें आपलें काम केलें.

परंतु लोवेलची खरी कीर्ति यंत्रांमुळें नव्हे, तर त्यांपुढें उभ्या राहणाऱ्या मुलींमुळें झाली. इंग्लंडांतील गिरणगांवांची दुर्दशा मालकांस ठाऊक होती व ती येथें नको होती. म्हणून त्यांनीं न्यू इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या मुली बोलाविल्या. त्यांच्यासाठीं कंपनीचीं वसतिगृहें बांधलीं, त्यांवर वयस्क बायका देखरेखीस ठेविल्या, रात्रीं दहास दार बंद होई, रविवारीं चर्चला जाणें सक्तीचें असे. आईबापांना धीर यावा अशीच ही योजना होती. मुलींच्या हातीं प्रथमच स्वतःचा रोख पैसा आला. कोणी भावाच्या शिक्षणास पैसे धाडी, कोणी घरचें कर्ज फेडी, कोणी केवळ स्वतःसाठीं सांठवी. सायंकाळीं त्या व्याख्यानें ऐकत, ग्रंथालयांतून पुस्तकें आणीत. १८४० ते १८४५ पर्यंत त्यांच्याच लेखांनीं भरलेलें ‘लोवेल ऑफरिंग’ हें मासिक निघत असे. १८४२ सालीं चार्ल्स डिकन्स तेथें आला तेव्हां वसतिगृहांतील पियानो, फिरतीं वाचनालयें आणि हें मासिक पाहून तो चकित झाला. मात्र त्याचा मुक्काम अवघ्या एका दिवसाचा होता. आणि एका दिवसाच्या पाहुण्यास घर बहुधा आवरलेलेंच दिसतें.

घंटेवर उठणें, घंटेवर जेवणें, घंटेवर निजणें; आठवड्यास सुमारें ७३ तास काम. सूत तुटूं नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवा दमट राखीत, आणि त्या हवेंत कापसाचे तंतू तरंगत. १८३४ सालीं मालकांनीं मजुरी कमी करण्याचें ठरविलें तेव्हां सुमारें ८०० मुली काम टाकून रस्त्यावर आल्या. हा संप कांहीं दिवसांतच मोडला. १८३६ मध्यें वसतिगृहाचा खर्च वाढविला गेला, तेव्हां त्या पुन्हा उठल्या. त्या दिवशीं हॅरिएट हॅन्सन ही ११ वर्षांची पोर आपल्या खात्यांतील मोठ्या मुली कचरत आहेत असें पाहून स्वतःच पुढें निघाली आणि बाकीच्या तिच्यामागून गेल्या. पुढें सॅरा बॅग्ली हिच्या नेतृत्वाखालीं मुलींनीं संघटना केली आणि दहा तासांच्या दिवसासाठीं हजारों सह्यांचे अर्ज कायदेमंडळाकडे धाडले. १८४५ सालीं समितीपुढें त्यांच्या साक्षी झाल्या. ह्या साक्षी देणाऱ्या बायकांस त्या वेळीं मताधिकार नव्हता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या धैर्याची कल्पना येते. समितीनें गाऱ्हाणीं ऐकलीं, आणि हें कायद्याचें काम नव्हे असा निर्वाळा दिला. मॅसॅच्युसेट्समध्यें स्त्रियांसाठीं दहा तासांचा कायदा व्हावयास १८७४ साल उजाडावें लागलें.

ह्या कथेची दुसरी बाजू अधिक काळी आहे. लोवेलचा कापूस दक्षिणेकडील मळ्यांतून येई, आणि तो वेंचणारे हात गुलामांचे असत. एवढेंच नव्हे, तर त्या गुलामांच्या अंगावर घालण्याचें जाडेंभरडें कापडही येथील गिरण्यांत विणलें जाई. चार्ल्स समनर ह्यानें १८४८ सालीं चाबकाचे धनी आणि मागाचे धनी ह्यांच्या युतीवर टीका केली ती उगीच नव्हे. १८६१ मध्यें यादवी युद्ध पेटलें. १९ एप्रिल रोजीं बाल्टिमोरच्या रस्त्यांत जमावानें मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर हल्ला केला, त्यांत पडलेल्यांपैकीं १७ वर्षांचा ल्यूथर लॅड आणि ॲडिसन व्हिटनी हे दोघे लोवेलच्या कारखान्यांतील कामगार होते. इकडे गिरण्यांच्या चालकांनीं मात्र शिलकी कापूस चढ्या भावानें विकून टाकला, यंत्रें थांबविलीं आणि हजारों कामगारांस घरीं बसविलें.

ह्याच दुष्काळानें मुंबईचें नशीब फिरविलें. लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा होतांच हिंदुस्थानच्या कापसाचे भाव भडकले. मुंबईंत सोन्याचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांसारख्या सराफांच्या शब्दावर समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो सारा डोलारा कोसळला.

लोवेलची पुढची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. शेतकऱ्यांच्या मुली निघून गेल्या. त्यांच्या जागीं आयरिश, कॅनडांतील फ्रेंच, ग्रीक, पोर्तुगीज, पोलिश कुटुंबें आलीं. वाफेनें पाण्याची गरज कमी केली, आणि स्वस्त मजुरीच्या शोधांत भांडवल दक्षिणेस, कापसाच्या माहेरींच गेलें. १९२० नंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. बूट गिरणीचीं यंत्रें १९५० नंतरच्या दशकांत थांबलीं. मग संगणकांची वँग कंपनी आली आणि कांहीं वर्षें शहरांत पुन्हा पैसा खेळला. १९९२ मध्यें तिचेंही दिवाळें निघालें, आणि सुमारें सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेले तिचे मनोरे १९९४ सालीं लिलांवांत सव्वापांच लाख डॉलरांस गेले.

१९७८ सालीं, शहराचेच सुपुत्र पॉल साँगस ह्यांच्या खटपटीनें, अमेरिकन सरकारनें लोवेलच्या गिरण्या व कालवे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून संरक्षित केले. पुढील काळांत कंबोडियांतील संहारांतून वांचलेलीं कुटुंबें तेथें मोठ्या संख्येनें येऊन राहिलीं. कंबोडियन लोकांची एवढी वस्ती अमेरिकेंत फारच थोड्या शहरांत आहे. बूट गिरणीच्या एका दालनांत ८८ माग मांडलेले असून प्रेक्षकांसाठीं त्यांतील कांहीं चालू ठेवितात. खडखडाट एवढा असतो कीं, आंत जाणाऱ्यांच्या हातीं कानांत घालावयाचे बोळे देण्यांत येतात.