विद्यापीठाच्या सभेंत शिक्षकाचें मत

मुंबई विद्यापीठ ज्या कायद्यानें अस्तित्वांत आलें तो १८५७ सालचा २२ वा कायदा होय. त्यावर १८ जुलैची तारीख आहे. या कायद्याचें एक वैशिष्ट्य असें कीं, विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंचीं नांवें कायद्यांतच घातलेलीं आहेत. गव्हर्नर, सरन्यायाधीश, बडे सरकारी अधिकारी, सरकारी कॉलेजांचे प्रिन्सिपॉल, आणि त्यांच्या जोडीला नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे मोजके एतद्देशीय गृहस्थ. पुढें जे फेलो व्हावयाचे तेही सरकारनेंच नेमावयाचे. वर्गांत उभा राहून शिकविणारा जो मनुष्य, त्यानें आपल्या व्यवसायबंधूंपैकीं कोणास तरी निवडून या सभेंत पाठवावें, ही कल्पना त्या कायद्याला शिवलीही नव्हती.

इंग्लंडांत ती अगदींच अपरिचित होती असें नाहीं. तीनच वर्षांपूर्वीं, १८५४ सालीं, पार्लमेंटनें ऑक्सफर्डचें जुनें कारभारी मंडळ मोडून नवें कौन्सिल आणलें, आणि त्यांत कॉलेजांचे मुख्य ६, प्रोफेसर ६ व इतर जुने पदवीधर ६ असे निवडून दिलेले सभासद बसविले. परंतु आमच्या विद्यापीठाचा कित्ता ऑक्सफर्डचा नव्हे, लंडनचा. लंडनचें विद्यापीठ त्या काळीं शिकवीत नसे. तें परीक्षा घेई व पदव्या देई. मुंबईचेंही तसेंच ठरलें. शिकवावयाचें तें एल्फिन्स्टन कॉलेजांत अथवा पुण्याच्या कॉलेजांत, आणि काय शिकवावयाचें तें ठरवावयाचें सेनेटच्या दिवाणखान्यांत. फेलोचें पद बहुधा तहाहयात चाले; पुढें पुढें तर तें रावबहादुरीसारखें एक मानाचें भूषण होऊन बसलें.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न होता असें मात्र नव्हे. कोणती भाषा शिकवावयाची, कोणतें पुस्तक लावावयाचें, परीक्षक कोण, या साऱ्यांचा निकाल तेथें लागे. विद्यापीठ स्थापन झाल्यावर थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठी बाजूस सारली गेली व संस्कृत, लॅटिन वगैरे अभिजात भाषांचें प्रस्थ माजलें. ती परत यावी म्हणून सेनेटमध्यें वर्षानुवर्षें चिकाटी धरली ती न्यायमूर्ति रानडे यांनीं. १९०१ च्या जानेवारींत ते वारले. त्याच सुमारास एम्. ए. च्या परीक्षेंत देशी भाषांचा शिरकाव झाला. भाषा शिकविणारांनीं मांडावयाची गोष्ट हायकोर्टाच्या न्यायाधीशाला मांडावी लागली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

याच काळांत पुण्याला एक निराळाच प्रयोग चालला होता. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली व दुसऱ्या वर्षीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. तेथें जे शिकवीत तेच आजीव सभासद या नात्यानें संस्थेचा दैनंदिन कारभार पाहत. नोकर आणि मालक हा भेद तेथें पुसट होता. अर्थात् शिक्षकांचें राज्य म्हणजे गोडीगुलाबीचें राज्य असें कोणी समजूं नये. पगार किती घ्यावा, बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं, यावरून जी खडाजंगी झाली तिची परिणति १८९० सालीं टिळकांच्या राजीनाम्यांत झाली. पण भांडण आपसांतलें होतें आणि निकाल आपल्याच मतांनीं लागत होता. जे आगरकर, गोखले स्वतःच्या कॉलेजचा कारभार बैठक घालून ठरवीत, त्यांना विद्यापीठाच्या सभेवर शिक्षक या नात्यानें एकही माणूस निवडून धाडण्याचा अधिकार नव्हता. गोखले स्वतः सेनेटवर होते. पण तेही नेमणुकीनेंच.

आतां लॉर्ड कर्झन यांच्याकडे येऊं. १९०२ सालीं त्यांनीं विद्यापीठांच्या चौकशीकरितां कमिशन बसविलें आणि मार्च १९०४ मध्यें नवा कायदा केला. मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील सेनेटांत साधारण फेलो ५० हून कमी नसावेत व १०० हून अधिक नसावेत. मुदत ५ वर्षांची. १० जण नोंदलेल्या पदवीधरांनीं निवडावेत, १० फॅकल्ट्यांनीं निवडावेत आणि उरलेले सारे चॅन्सेलरनें नेमावेत. नेमलेल्या व फॅकल्ट्यांनीं निवडलेल्या फेलोंपैकीं निदान दोन-पंचमांश लोक अध्यापनाच्या धंद्यांतले असावेत, अशीही तजवीज होती. वरवर पाहणाराला वाटेल, शिक्षकाचे दिवस पालटले!

पण ‘फॅकल्टी’ या शब्दानें फसूं नये. आज कॉलेजांतील शिक्षकवर्गाला फॅकल्टी म्हणण्याची चाल पडली आहे. १९०४ च्या कायद्यांतील फॅकल्टी म्हणजे मुख्यतः सेनेटच्याच फेलोंची विषयवार केलेली वाटणी. तेव्हां फॅकल्ट्यांचे १० प्रतिनिधि म्हणजे बहुतांशीं नेमलेल्यांनीं निवडलेले प्रतिनिधि. वर्गांतला प्रोफेसर, तो फेलो नसेल तर, जेथें होता तेथेंच राहिला.

या कायद्याला वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सर्वांत कडवा विरोध केला तो कोणीं? नामदार गोखले यांनीं. ज्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत सुमारें १८ वर्षें शिकविण्यांत घालविलीं त्यांनीं! सेनेटांत शिक्षकांची संख्या वाढावी असें म्हणणारा कायदा, आणि त्याला शिक्षकाचा विरोध. हें कोडें मला बरीच वर्षें उलगडलें नव्हतें. त्यांचीं भाषणें वाचल्यावर तें सुटतें. त्यांचा रोख असा कीं, सरकार ज्यांना नेमील ते अध्यापक मुख्यतः सरकारी कॉलेजांतले युरोपियन असणार. त्यांच्या हातीं सत्ता गेली म्हणजे तज्ज्ञांच्या नांवाखालीं एक संकुचित अंमल सुरू होईल आणि एतद्देशीयांनीं मिळविलेली थोडीबहुत जागा जाईल. सभेंत बसलेला माणूस कोणता धंदा करतो याहून त्याला तेथें कोणीं पाठविलें हें अधिक महत्त्वाचें, असा त्या युक्तिवादाचा गाभा आहे, आणि तो मला सर्वथा पटतो. ज्याची जागा पांच वर्षांनीं वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून, तो सभेंत हात वर करतांना वरच पाहणार.

पुढली हकीकत थोडक्यांत सांगतों. १९१७ सालीं आशुतोष मुकर्जी यांनीं कलकत्त्यास पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्या ताब्यांत घेतलें व तेथील अध्यापकांचीं मंडळें करून अभ्यासाचा कारभार त्यांजकडे सोंपविला. मुंबईस १९२८ च्या कायद्यानें निवडलेल्या सभासदांचें प्रमाण वाढलें व अभ्यासक्रमाच्या विचाराकरितां विद्वानांचें निराळें मंडळ झालें. १९४९ सालीं पुण्याचें विद्यापीठ निघालें. त्यानंतर कायदे अनेक झाले. सध्यां महाराष्ट्रांत चालू असलेला कायदा २०१६ सालचा आहे, तो १ मार्च २०१७ पासून अमलांत आला. सेनेटला आतां अधिसभा म्हणतात. तींत महाविद्यालयीन शिक्षकांनीं आपल्यांतून निवडून दिलेले १० प्रतिनिधि असतात. त्यांपैकीं ५ जागा अनुसूचित जाति, अनुसूचित जमाति, भटक्या व विमुक्त जाति, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांच्याकरितां राखून ठेविलेल्या आहेत. १८५७ च्या यादींत यांतल्या किती जणांना वाव होता, तें सांगावयास नको.

मतें देण्याची रीत पसंतीक्रमाची आहे. मतदारानें फुली मारावयाची नसते. नांवांपुढें १, २, ३ असे आंकडे घालावयाचे. समजा, खुल्या ५ जागांसाठीं ६०० मतें ग्राह्य ठरलीं. जागांत एक मिळवून सहानें भागलें म्हणजे १०० येतात. त्यांत एक मिळविला कीं १०१ हा कोटा. इतकीं मतें पांचांनाच मिळूं शकतात, सहाव्याला नाहीं. ज्याला १०१ हून अधिक पडलीं त्याचीं जादा मतें दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. कोटा कोणाचाच भरत नसेल तर तळचा उमेदवार बाद होऊन त्याचीं मतें वाटलीं जातात. यामुळें एखाद्या मोठ्या गटाला साऱ्या जागा गिळतां येत नाहींत. इंग्लंडांत या पद्धतीचा पुरस्कार टॉमस हेअर यांनीं केला, तोही योगायोगानें १८५७ सालींच.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. त्यामुळें पदवीधरांच्या किंवा शिक्षकांच्या कोणत्याच यादींत माझें नांव कधीं आलें नाहीं व येणारही नाहीं. त्याचें मला वैषम्य नाहीं. परंतु माझे कांहीं विद्यार्थी आज कॉलेजांत शिकवितात, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांचीं नांवेंही त्या यादींत नाहींत, हें मात्र खटकतें. कारण कायद्याच्या व्याख्येप्रमाणें शिक्षक म्हणजे पूर्ण वेळेचा व मान्यताप्राप्त शिक्षक. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या हिशेबानें, जे नेमले जातात ते वर्गांत उभे राहतात, तेच धडे शिकवितात, मुलें त्यांनाही सरच म्हणतात. मतपत्रिका मात्र त्यांच्या हातीं येत नाहीं.