रस्त्याच्या कायद्यातील शब्द

कोणताही कायदा हाती आला म्हणजे वाचक आधी शिक्षेचे कलम शोधतो. दंड किती, कैद किती, एवढे कळले की त्याचे समाधान होते. आरंभी 'व्याख्या' नावाचे एक कलम असते, त्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. आमचे आयुष्य हातगाडीवाले, हमाल आणि रिक्षावाले यांच्या संघटनेत गेले. शाळा फारशी घडली नाही. कायदा शिकलो तो दंडाच्या पावत्यांवरून. त्या शिक्षणाचे सार एवढेच की, भांडणाचा निकाल पुष्कळदा व्याख्येच्या कलमातच लागून गेलेला असतो. रहदारीच्या नियमांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी मुंबई शहराचे उदाहरण सर्वांत सोयीचे.

मुंबईच्या रस्त्यावर एकाच वेळी अनेक कायदे चालत आले. १८६० ची भारतीय दंडसंहिता ही त्यांतली वडीलधारी. तिच्या पाठोपाठ १८६३ साली भाड्याच्या गाड्यांचा स्वतंत्र कायदा झाला. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १८८८ साली महानगरपालिकेचा कायदा आला आणि १९०२ साली शहर पोलिसांचा. ट्राम १९०७ मध्ये विजेवर धावू लागली. १९१४ मध्ये मोटारींचा कायदा झाला, १९२६ मध्ये बस आली. स्वातंत्र्यानंतर जुने पोलीस कायदे एकत्र करून १९५१ चा मुंबई पोलीस कायदा करण्यात आला. तोच आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. मोटारींचा कायदा १९३९ आणि १९८८ असा दोनदा नव्याने लिहिला गेला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. गाड्या बदलल्या, राज्यकर्ते बदलले. शब्द मात्र बरेचसे तेच राहिले.

पहिला शब्द 'वाहन'. १९५१ च्या कायद्यात वाहनांची जी यादी आहे, तीत मोटार, सायकल यांच्या शेजारी हातगाडीही बसली आहे. इतकेच काय, जहाज आणि विमानही त्या यादीत आहे. म्हणजे मस्जिद बंदरच्या गल्लीत गोण्या ओढणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने वाहनवाला होय, आणि वाहनवाल्याची सारी बंधने त्याला लागू. आता १९८८ चा मोटार कायदा पाहा. त्यात 'मोटार वाहन' म्हणजे यंत्राच्या बळावर चालणारे. त्याच कायद्याच्या ११७ व्या कलमाने मोटार वाहनांना उभे राहण्यासाठी जागा नेमून देण्याचा अधिकार दिला आहे. ठरावीक वेळेपुरत्या, किंवा वेळेची मर्यादा न घालताही. हातगाडीला माणसाचे बळ लागते, म्हणून ती या कलमाबाहेर राहिली. दंडाच्या व्याख्येत ती आत आणि जागेच्या व्याख्येत ती बाहेर!

दुसरा शब्द 'अडथळा'. पोलीस कायद्याचे १०२ वे कलम सांगते की, माल चढवण्या-उतरवण्यासाठी किंवा उतारूंसाठी वाहन रस्त्यात उभे करता येईल, पण त्या कामाला आवश्यक असेल त्याहून अधिक वेळ नाही. पेटी, गठडी, बोचके रस्त्यावर ठेवायचे तर तेही गैरवाजवी काळ नको. 'आवश्यक' आणि 'गैरवाजवी' हे दोन शब्द नीट ध्यानात घ्यावेत. त्यांना घड्याळ नाही. गाळ्याचा मालक जेवायला गेला, कुलूप उघडले नाही, म्हणून गाडी अर्धा तास तिष्ठत उभी राहिली, तर तो वेळ आवश्यक की अनावश्यक? जागेवरचा शिपाई ठरवील ते खरे. मालकाच्या जेवणाचा दंड गाडीवाल्याने भरल्याच्या पावत्या आम्ही कितीतरी पाहिल्या. उलट १९८८ च्या कायद्याचे १२७ वे कलम बेवारस सोडलेल्या मोटारीबद्दल बोलते तेव्हा स्पष्ट आकडा देते : दहा तास. मनाई असलेल्या जागी उभी केलेली मोटार लगेच ओढून नेता येते हे खरे, आणि १०२ वे कलम मोटारीलाही लागू आहे. तरी आकडा असलेला नियम आणि नुसते विशेषण असलेला नियम यांत फरक असतो. आकड्यावर वाद घालता येतो. विशेषणापुढे गरीब माणूस हात जोडतो.

या शब्दाची किंमतही आता वाढली आहे. दंडसंहितेच्या २८३ व्या कलमाखाली सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्यास जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्या २८५ व्या कलमात हीच मर्यादा ५,००० रुपये झाली. दंड पंचवीस पटींनी वाढला; पण अडथळा म्हणजे काय, हे त्या कलमात पूर्वीइतकेच मोघम राहिले.

तिसरी जोडी 'टप्पा वाहतूक' आणि 'कंत्राटी वाहतूक'. विलायतेत घोडे बदलण्याचे टप्पे असत, त्यावरून टप्प्याटप्प्याने उतारू नेणाऱ्या गाडीला नाव पडले. आपल्याकडेही डाकेचे टप्पे होतेच. आजच्या कायद्यात सहाहून अधिक उतारू नेणारी आणि प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेणारी गाडी ती टप्प्याची. रिक्षा व टॅक्सी या कंत्राटी; वाटेत कंत्राटाबाहेरचा उतारू त्यांनी घ्यायचा नाही. पावसात भिजत उभ्या असलेल्या बाईला वाटेत बसवून घेणारा रिक्षावाला परवान्याची अट मोडतो तो या शब्दामुळे.

शब्द असे जाचक असले, तरी ते दगडावरची रेघ नव्हेत. महानगरपालिका कायद्याच्या ३१४ व्या कलमात आयुक्तांना नोटीस न देता रस्त्यावरची अतिक्रमणे काढता येतील, असे शब्द आहेत. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध मानले. परंतु 'काढता येतील' म्हणजे काढलीच पाहिजेत असे नव्हे, नोटीस द्यायची की नाही हे तारतम्याने ठरवायचे, असा अर्थ लावला. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हाही वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला धंद्याचा मूलभूत हक्क होय, असे सांगितले गेले. पुढे २०१४ च्या कायद्याने 'पथविक्रेता' हा शब्द प्रतिष्ठित केला. पूर्वी जो केवळ अडथळा होता, त्याला नाव मिळाले.

हमालांच्या बाबतीत ही गोष्ट त्याआधीच घडली होती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली डोक्यावर ओझे वाहणारे कामगार संघटित झाले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. इंग्रजीतील मसुद्यातही 'माथाडी' आणि 'हमाल' हे शब्द तसेच ठेवावे लागले. बाजारातला शब्द कायद्यात गेला, तो कोणा पंडिताच्या कोशातून नव्हे, संघटनेच्या बळावर.

म्हणून नागरिकांना आमचे सांगणे आहे. आपल्या गावातही उद्या एखादा रस्ता एकमार्गी होईल, एखाद्या पेठेत मालगाड्यांना वेळ ठरवून दिली जाईल. १९८८ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार महिन्याहून अधिक काळाची अशी बंदी राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते, आणि कमी मुदतीच्या बंदीलाही स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. ती सूचना वाचावी. रस्ता मोकळा हवा, याबद्दल वाद नाही. रुग्णवाहिका अडली तर हमालाचेही मूल तीत असू शकते. पण त्या सूचनेत 'वाहन' कोणाला म्हटले आहे, 'आवश्यक वेळ' म्हणजे किती मिनिटे आणि माल कोठे उतरवायचा, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून राहू नये. ज्यांच्या पोटाचा प्रश्न त्यात आहे ते त्या वेळी गाडी ओढत असतात. त्यांच्या वतीने हे प्रश्न विचारणे एवढे तरी आपल्याला सहज करता येण्याजोगे आहे.