इराकमधील १९४१ चा लष्करी उठाव

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इराकमध्ये चार कर्नलांनी राष्ट्रवादाच्या नावाने सत्तापालट केला आणि महिन्याभरात ब्रिटनशी युद्ध जुंपले. या संघर्षाचे मूळ एका तहात होते. १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला; परंतु १९३० च्या तहान्वये हब्बानिया व शैबा येथील हवाई तळ आणि इराकमधून सैन्य नेण्याचा अधिकार ब्रिटनकडेच राहिला. हे स्वातंत्र्य अपुरे आहे, ही भावना लष्करी अधिकाऱ्यांत बळावत गेली.

राजा फैसल दुसरा हा बालक असल्याने ब्रिटनधार्जिणा राजप्रतिनिधी अब्दुल इलाह कारभार पाहत असे. १ एप्रिल १९४१ च्या उठावामुळे त्याला बगदाद सोडावे लागले. सलाहुद्दीन अल-सब्बाग, फहमी सईद, महमूद सलमान व कामिल शबीब या ‘सुवर्ण चौकडी’ने रशीद अली अल-गैलानी यांच्या हाती सत्ता दिली. त्यांची भिस्त जर्मनीवर होती.

ब्रिटनने तहातील कलमाचाच आधार घेतला. मलायाला जावयाची हिंदी ब्रिगेड वळवून १८ एप्रिलला बसऱ्यात उतरवण्यात आली. (पहिल्या महायुद्धात याच बसऱ्यातून कूटपर्यंत गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या.) रशीद अलींनी तिला अटकाव केला नाही, मात्र ती पुढे गेल्याशिवाय दुसरी फौज येऊ नये, असे बजावले. ब्रिटनला तर तेथे तळ ठोकावयाचा होता. सैन्य नेणे आणि सैन्य ठेवणे यांतील या फरकावरच वाद पेटला.

इराकी सैन्याने हब्बानियालगतचे पठार व्यापले. २ मे रोजी तळावरील विमानांनी हल्ला चढवला. ही बव्हंशी प्रशिक्षणाची विमाने, घाईने बॉम्ब जोडून सज्ज केलेली; तरी चार-पाच दिवसांत पठार रिकामे झाले. जर्मन विमाने सीरियामार्गे मोसुलला पोहोचली, पण थोडी आणि उशिरा. १९ मे रोजी फलुजा पडले, रशीद अली इराणात निसटले आणि ३१ मे रोजी शस्त्रसंधी झाली.

सर्वांत मोठी किंमत मात्र निःशस्त्रांनी मोजली. १ व २ जून रोजी बगदादेत ज्यूंची कत्तल व लुटालूट झाली. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. ‘फरहूद’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हिंसाचाराच्या वेळी ब्रिटिश फौजा शहराच्या वेशीवर होत्या. त्या आत आल्या नाहीत.

चारही कर्नलांना १९४२ ते १९४५ या काळात फाशी देण्यात आली. अब्दुल इलाह परतला. ब्रिटिश सैन्य १९४७ पर्यंत राहिले. १९५८ च्या क्रांतीत राजा फैसल व अब्दुल इलाह दोघेही मारले गेले.