शांत कॅन्सर कूस कधी बदलतो?

आजचा भाग अशा एका वाक्याबद्दल आहे, जे ऐकून अख्ख्या घराची झोप उडते. मानेत गाठ आली, बायप्सी झाली, रिपोर्टवर 'फॉलिक्युलर लिम्फोमा' असं आलं. आणि डॉक्टर म्हणतात, "कॅन्सर आहे, पण सध्या औषध नको. तीन महिन्यांनी दाखवायला या."

आता बोला! लगेच काका-मामांचे फोन सुरू होतात, "डॉक्टर बदला." पण या वाक्यामागे जवळपास शंभर वर्षांचा अनुभव आहे. तोच आज समजून घेऊया.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. १९२५ साली माउंट सायनाय हॉस्पिटलच्या ब्रिल, बेअर आणि रोझेन्थाल या डॉक्टरांनी एका वेगळ्याच आजाराचं वर्णन केलं. रुग्णाच्या लसिका ग्रंथी, म्हणजे काखेत, मानेत, जांघेत असतात त्या गाठी, फुगलेल्या होत्या. पण माणूस ठणठणीत! दोन वर्षांनी डग्लस सिमर्स यांनीही असेच रुग्ण नोंदवले. सुरुवातीला ही निरुपद्रवी वाढ आहे असंच वाटलं होतं. पुढे वर्षानुवर्षं रुग्णांवर लक्ष ठेवल्यावर दिसलं, की यातल्या काहींची गाठ अचानक भराभर वाढते आणि मग आजार उग्र होतो. म्हणजे हा कॅन्सरच होता, फक्त सावकाश चालणारा.

साधारण त्याच सुमारास, १९२८ मध्ये, न्यूयॉर्कच्याच मॉरिस रिक्टर यांनी आणखी एक केस छापली. रुग्णाला रक्ताचा कॅन्सर, ज्याला आज आपण सीएलएल म्हणतो. हाही बहुतेकदा संथ असतो. पण या रुग्णाच्या गाठींमध्ये मोठ्या, वेगानं वाढणाऱ्या पेशी सापडल्या. आज या बदलाला 'रिक्टर सिंड्रोम' म्हणतात.

इथे खरा प्रश्न उभा राहिला. जुनाच आजार बदलला, की शेजारी दुसराच उपटला? सूक्ष्मदर्शकातून याचं उत्तर मिळेना. ते मिळालं जनुकांमधून, आणि त्यासाठी १९८० चं दशक उजाडावं लागलं.

आपली प्रत्येक बी-पेशी अँटिबॉडी बनवण्यासाठी स्वतःची जनुकं वेगळ्या पद्धतीनं जुळवते. हा जणू तिचा अंगठ्याचा ठसा. तिच्यापासून झालेल्या पेशींमध्येही तो ठसा ओळखता येतो. शांत गाठ आणि उग्र गाठ यांचे ठसे बहुतेक वेळा जुळले. म्हणजे कूळ एकच!

त्याच दशकात दुसरा धागा सापडला. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. त्यामुळे बीसीएल-२ नावाचं जनुक सतत चालू राहतं. आणि गंमत बघा, हे जनुक पेशीला वेगानं वाढायला सांगत नाही, मरू देत नाही! म्हणून आजार संथ. पण न मरणारी पेशी वर्षानुवर्षं टिकते आणि तेवढ्या काळात नवनवे जनुकीय बिघाड तिच्यात साठत जातात. त्यातला एखादा वेगाला लगाम घालणारं जनुक बंद पाडतो, आणि गाठ कूस बदलते.

२०१४ च्या सुमाराच्या अभ्यासांनी यात आणखी भर घातली. उग्र पेशी दरवेळी शांत पेशींची थेट मुलगी नसते. अनेकदा दोघी एकाच पणजीच्या, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या असतात. ती पणजी पेशी शरीरात लपून राहते. गाठ विरघळली तरी आजार परत का येतो, याचं एक कारण हेच मानलं जातं.

मग प्रश्न येतो, आधीच केमो देऊन हे थांबवता येणार नाही का? स्टॅनफर्डच्या सँड्रा हॉर्निंग आणि सॉल रोझेनबर्ग यांनी १९८४ मध्ये सुरुवातीला औषध न दिलेल्या ८३ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यातल्या १९ जणांच्या गाठी काहीही न करता लहान झाल्या होत्या! आणि कूस बदलण्याचा धोका लगेच उपचार घेतलेल्यांइतकाच होता. पुढे ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांची चाचणी झाली. काहींना लगेच गोळ्या, काहींवर फक्त लक्ष. २००३ मध्ये निकाल आला: आयुष्याच्या लांबीत फरक नाही. त्रास नसताना औषधाचा त्रास मात्र टळतो.

म्हणून 'वॉच अँड वेट'. पण मंडळी, यातला 'वॉच' महत्त्वाचा. वर्षाला साधारण शंभरातल्या दोघा-तिघांत आजार उग्र होतो, असं जुने अभ्यास सांगतात. नव्या औषधांच्या काळात काही ठिकाणी हे प्रमाण त्याहून कमी दिसलंय. खुणा लक्षात ठेवा: बाकीच्या गाठी तशाच असताना एकच भराभर वाढणं, ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, वजन उतरणं, रक्तात एलडीएच चढणं. असं काही झालं तर तीन महिन्यांची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. पेट स्कॅनमध्ये जी गाठ सगळ्यात जास्त चमकते, शक्यतो तिचीच पुन्हा बायप्सी करतात. कारण जुना रिपोर्ट जुन्या गाठीचा असतो.

आणि उग्र झालं म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. वेगानं वाढणाऱ्या पेशींवर केमो अनेकदा जास्त चांगली चालते. १९९७ मध्ये अमेरिकेत रितुक्सिमॅबला मंजुरी मिळाली, आणि पुढे केमोसोबत ते देऊन निकाल आणखी सुधारले. आता तर रुग्णाच्याच टी-पेशींना नवं शिक्षण देऊन परत सोडणारी कार-टी उपचारपद्धती आली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या 'नेक्सकार-१९' ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या कॅन्सरसाठी ती आहे. पवई आणि परळ, आपल्याच लोकलच्या नकाशावर!

तर घरात कुणाला "सध्या औषध नको" असं सांगितलं गेलं, तर डॉक्टर बदलण्याआधी दोन प्रश्न विचारा. "काय दिसलं तर लगेच यायचं?" आणि "तेव्हा पुन्हा बायप्सी करणार ना?" उत्तरं फोनमध्ये लिहून ठेवा आणि घरातल्या ग्रुपवरही टाका. लक्ष ठेवायचं काम एकट्या आजारी माणसावर कशाला?

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!