पित्ताच्या गोळीची वाटचाल

दौंड-शिरूर भागात घरभेटीस गेले, की पवित्र कुटुंबाच्या तसबिरीखालच्या फळीवर चष्मा, जपमाळ आणि पित्ताच्या गोळ्यांची पट्टी हमखास आढळते. आंबट ढेकर, छातीतील जळजळ, उपाशीपोटी उठणारी कळ, साऱ्यांना आपल्याकडे एकच नाव : पित्त.

हे दुखणे जुनेच. ‘माधवनिदान’ या प्राचीन वैद्यकग्रंथात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्य शंखभस्म देत, घरोघरी खाण्याचा सोडा अथवा थंड दूध घेत. या उपायांनी जठरात साचलेले आम्ल तेवढे शमते. नवे पाझरायचे थांबत नाही. म्हणून अल्सरच्या रोग्याला अनेकदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे. जठराचा भाग काढून टाकीत किंवा जठराकडे जाणारी मज्जा छेदीत.

हे चित्र पालटले ते जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकामुळे. शरीरातील हिस्टामिन हे द्रव्य जठरातील पेशींना आम्ल सोडण्याचा इशारा देते. तो इशाराच अडवावा, ही त्यांची कल्पना. त्यातून सिमेटिडीन हे औषध निघाले आणि १९७६ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आले. पाठोपाठ १९८१ मध्ये रॅनिटिडीन आले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक लाभले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये आम्लाचा स्रोतच बंद करणारे ओमेप्राझोल बाजारात आले.

ही औषधे आपल्या खिशाला परवडली, त्याचे श्रेय १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याला द्यावे लागेल. १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने औषधावर नव्हे, केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. देशी कंपन्यांनी वेगळ्या पद्धती शोधल्या व किमती उतरल्या. आपल्या दौंड तालुक्यातील कुरकुंभची औद्योगिक वसाहतही औषधांच्या कच्च्या मालासाठी ओळखली जाते. (वाऱ्याबरोबर येणारा तिथला वास आसपासच्या गावांना वेगळा सांगायला नको!)

पण स्वस्ताईने एक घातही केला. माझ्या परिचयाचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी गुडघ्यांसाठी वेदनाशामक आणि त्यावर उतारा म्हणून पित्ताची गोळी, असे कित्येक वर्षे घेत होते. डॉक्टरांना विचारले नव्हते. दुकानदार देई, हे घेत. शौचास काळे होऊ लागले, तेही त्यांनी महिनाभर अंगावर काढले. पुण्याला दुर्बिणीने तपासले, तेव्हा अल्सरमधून रक्तस्राव होत असल्याचे आढळले. शिवाय जठरात जंतूही सापडले.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली ओळखले, ते हेच जंतू. तिखट आणि काळजी यांनी अल्सर होतो, हा समज इतका पक्का होता, की मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखविली! दोघांना २००५ साली नोबेल मिळाले.

आमच्या गृहस्थांना दोन आठवडे प्रतिजैविके दिली, वेदनाशामक बंद केले. रॅनिटिडीनमध्ये कर्करोगाची शंका असलेले द्रव्य आढळल्याने अमेरिकेने २०२० साली ते बाजारातून काढावयास लावले आणि भारताने २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “फादर, उरलेल्या दोन पट्ट्या मग दुकानदार परत घेईल का?”