छोट्या व्यवसायाची वेबसाइट: सातबारा कुणाच्या नावावर?

बारामतीत आमचं ठिबक आणि तुषार सिंचनाच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. निम्मं गिऱ्हाईक बारामती तालुक्यातलं, निम्मं इंदापूरकडचं: निमगाव केतकी, भिगवण, वालचंदनगर. दुकानाची पहिली वेबसाइट मी ओळखीच्या एका मुलाकडून करून घेतली. पैसे दिले, साइट सुरू झाली आणि मी विसरून गेलो.

पुढच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात, ठिबकच्या सामानाला मागणी असताना, साइट बंद! डोमेन त्या मुलाच्या खात्यात, मुदतीचे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर आणि तो नोकरीसाठी परगावी. त्याला गाठेपर्यंत ते नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. आमच्या पाटीवर, बिलबुकावर, टेम्पोवर मात्र तोच पत्ता. दुसऱ्यांदा साइट करताना जे शिकलो, ते इथे क्रमाने सांगतो.

१. आधी डोमेन, तेही स्वतःच्या नावावर

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता, होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा आणि वेबसाइट म्हणजे त्या जागेत मांडलेला माल. जागा बदलता येते, माल पुन्हा मांडता येतो, पण पत्ता गेला की गिऱ्हाईक चुकतं. जमीन आपली आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असं आपण चालवून घेऊ का?

‘डॉट इन’ डोमेनचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. आपण ते एखाद्या रजिस्ट्रार कंपनीकडून १ ते १० वर्षांसाठी घेतो. खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर उघडा. मालक म्हणून, म्हणजे ‘रजिस्ट्रंट’च्या रकान्यात, तुमचंच नाव हवं. साइट बनवणाऱ्याला काम करायला द्या, पण खात्याच्या चाव्या आपल्याकडे ठेवा. मुदत संपल्यावर साधारण काही दिवस सवलत मिळते, नंतर जादा पैसे भरून नाव सोडवता येतं. तेही राहिलं तर ते सगळ्यांसाठी खुलं होतं. म्हणून ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून टाका.

२. फुकटच्या साइटवर विसंबू नका

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी फुकट वेबसाइट बनायची. गूगलने त्या सगळ्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. काही महिने जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वाट दाखवली, जूनमध्ये तीही थांबली. प्रोफाइल स्वतः आजही फुकट आहे आणि नकाशावर दिसण्यासाठी ते जरूर भरा. मात्र त्यात तुमच्या स्वतःच्या डोमेनची लिंक द्या.

३. मजकूर कुठून आणायचा?

मी पंधरा दिवस फोनशेजारी वही ठेवली आणि येणारा प्रत्येक प्रश्न लिहिला. ‘१६ एमएमचं जॉइनर आहे का?’ ‘स्क्रीन फिल्टरची जाळी सुटी मिळते का?’ ‘दुकान किती वाजेपर्यंत?’ ‘इंदापूरला माल पोचवता का?’ हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले. साइटचा मजकूर त्यातूनच तयार झाला. ‘आम्ही ग्राहकसेवेस कटिबद्ध आहोत’ हे वाक्य मी काढून टाकलं. ते कुणीच विचारलं नव्हतं.

धंदा बदलला की प्रश्न बदलतात. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावला पक्षी दाखवायला होडी नेणाऱ्याला पुण्या-मुंबईचे लोक विचारतील: रोहित पक्षी आलेत का, होडी किती वाजता निघते, एका होडीत किती जण, जेवणाची सोय आहे का? पहिल्याच पानावर ही उत्तरं द्यावीत. दर लिहिलात तर शेजारी तारीखही लिहा.

४. मराठी युनिकोडमध्येच

आपल्याकडे फ्लेक्सवाला जुन्या फॉन्टमध्ये जाहिरात करून देतो आणि तेच चित्र साइटवर चिकटवलं जातं. चित्रातला मजकूर सर्चला नीट सापडेल याची खात्री नसते, तो कॉपी करणंही अवघड, आणि लहान स्क्रीनवर तो वाचवत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर साइटवर टाकला तर अक्षरांचा गोंधळ होतो. गावांची नावं, मालाची नावं, वेळ, पत्ता हे सगळं युनिकोड मराठीत टाइप करा. गिऱ्हाईक बोलतं तो शब्द वापरा: ‘पार्श्ववाहिनी’ नको, ‘लॅटरल’ लिहा.

५. मोबाइलवर झटपट उघडायला हवी

आमचं गिऱ्हाईक शेतात उभं राहून साइट बघतं. फोनने काढलेला फोटो ४-५ एमबीचा असू शकतो. तो लहान करून वेबपी प्रकारात १००-२०० केबीपर्यंत आणा. आपोआप फिरणारे फोटो टाळा. नंबरला हात लावला की फोन लागला पाहिजे. शेजारी व्हॉट्सअॅपचं बटण द्या. ‘एचटीटीपीएस’ नसेल तर ब्राउजर ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कारण विचारा.

६. तपासणी

घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि साइट उघडा. जिने ती आधी पाहिलेली नाही अशा व्यक्तीला विचारा: दुकान कुठे आहे, काय मिळतं, आत्ता उघडं आहे का? उत्तरं शोधायला तिला वेळ लागला, तर साइट सुधारायला हवी.

आमची नवी साइट चारच पानांची आहे. ‘किती वाजेपर्यंत?’ असा फोन आता क्वचित येतो. येतो तो थेट ‘दोन जॉइनर आणि एक फिल्टर काढून ठेवा’ असा. तुमची साइट आधीच असेल, तर आज एकच काम करा: डोमेन कुणाच्या खात्यात आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे बनवणाऱ्याला फोन करून विचारा. तो ओळखीचा असला तरीही विचारा.